जोडीनं उतरायचं

देवळातल्या मूर्तीला हात लावू नये, संग्रहालयातल्या तलवारीला लावू नये, हे समजू शकतं. पण माणसाच्या पाठीला हात लावू नये असा नियम कोरडेवाडीच्या माळावर निघाला, तेव्हा डॉक्टर केतकी निंबाळकरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नियम काढला राजस सरदेशमुखनं, आणि तोही टाळ्यांच्या कडकडाटात. माण तालुक्यातल्या त्या उघड्याबोडक्या माळावर हंगामाचा पहिला रविवार होता. धावपट्टीच्या कडेला मांडव, मांडवात पाहुणे, पाहुण्यांच्या हातात शहाळी. राजसनं नव्या पॅराशूटची पाठपिशवी सगळ्यांना दिसेल अशी उचलून धरली आणि तिच्यावर एक पिवळी पट्टी चिकटवली. पट्टीवर ठसठशीत काळी अक्षरं होती: 'हात लावू नये'.

"आजपासून विमानात कुणी कुणाचं सामान तपासायचं नाही," तो म्हणाला. "ते काम छत्रीचं कापड करणार. कापड थकत नाही, गप्पा मारत नाही आणि विसरत नाही."

पाहुणे हसले. केतकी हसली नाही. सोमवार ते शनिवार ती फलटणला लोकांच्या दाढा काढायची आणि रविवारी इथे येऊन तेरा हजार फुटांवरून उडी मारायची. गेली पंधरा वर्षं हा क्रम चालू होता. माळाचा मालक होण्याआधी राजस इथे शिकायला आला होता, तेव्हा त्याला पहिल्यांदा विमानाच्या दारापर्यंत नेणारी तीच. त्या दिवशी त्याचे पाय लटपटत होते आणि तो तिला ताई म्हणत होता. ताई तो अजूनही म्हणायचा.

माळावरची जुनी रीत साधी होती आणि ती घालून दिली होती इरफान मुजावरांनी. इरफानभाई म्हसवडचे. सैन्याच्या छत्रीदलातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, गावी परतले आणि हौशी लोकांना उड्या शिकवू लागले. विमानात खाली पाय पसरून एकामागे एक बसायचं, लहान मुलं झुकझुकगाडी खेळतात तसं. दार उघडायच्या आधी मागच्यानं पुढच्याच्या पिशवीचं झाकण उचलायचं, छत्री मिटवून धरणारी पिन जागेवर आहे का बघायचं, झाकण लावायचं, पाठीवर दोन थापा मारायच्या आणि म्हणायचं, "बंद." पहिली थाप सामानासाठी. दुसरी माणसासाठी, आणि तिच्यानंतर हात क्षणभर तिथेच राहू द्यायचा.

त्या क्षणात पुढचा "उतरतो" म्हणाला की विषय संपला. तो उडी न मारता विमानातूनच खाली जाणार, आणि ज्याचा हात त्याच्या पाठीवर होता तोही उडी सोडून त्याच्याबरोबर जाणार. जोडीनं उतरायचं. का उतरलास, हे कुणी विचारायचं नाही. त्या दिवशी नाही आणि पुढेही कधी नाही. माळावर पहिल्यांदा काहीही पराक्रम करणाऱ्यानं सगळ्यांना मिसळ चारायची असा दंडक होता. जोडीनं उतरलेल्यांना मात्र बाकीच्यांनी मिसळ चारायची आणि खाताना पीकपाण्याचं बोलायचं.

केतकी स्वतः तिसऱ्या उडीला उतरली होती. हवा छान होती, सामान ठीक होतं. फक्त दारातून खाली बघितलं आणि हे हातपाय आपले नव्हेत असं तिला वाटलं. इरफानभाई तिच्याबरोबर खाली आले, तिच्या मिसळीत लिंबू पिळलं आणि यंदा ज्वारी बरी येईल म्हणाले. त्या दिवशी उडी मारली असती तर ती मेली असती की नुसतीच घाबरली असती, हे तिला आजतागायत कळलेलं नाही. न मारलेल्या उडीचा पुरावा आणणार कुठून?

कापडाकडे मात्र पुराव्यांची रास होती. आणि कापडाबद्दल खोटं कशाला बोला, ते खरंच नामी होतं. त्याच्या विणीत केसाहून बारीक कार्बनचा धागा होता. धागा ताणला की त्यातून वाहणाऱ्या विजेला अडथळा वाढतो, सैल पडला की कमी होतो. पट्टे, दोऱ्या, घडी घातलेली छत्री, सगळीकडे असे हजारो धागे. त्यामुळे कुठली घडी कशी पडली आहे, कुठली दोरी झिजली आहे, पिन किती आत आहे, हे कापडाला आपोआप कळायचं. जगभरच्या लाखो उड्यांशी ते ताडून बघायचं आणि सगळं सुरळीत असलं की कॉलरवरचा दिवा हिरवा करायचं. दोन हंगामांपूर्वी, कापड माळावर नुकतंच आलं तेव्हा, केतकीच्याच छत्रीची एक दोरी आतून विरली होती. चार माणसांच्या नजरेतून निसटलेली ती गोष्ट कापडानं पकडली होती आणि तिनं त्याला मनापासून हात जोडले होते.

नियमामागेही आकडे होते. तपासणाऱ्याच्याच हातानं झाकण अर्धवट उघडं राहिलं आणि छत्री भलत्या वेळी सुटली, अशी उदाहरणं राजसकडे तारखांसकट होती. कापड असताना हाताचा फायदा काही नाही आणि धोका आहे, असं विमा कंपनीनं कळवलं होतं. तिथवर केतकीला मान्यच करावं लागत होतं.

तिला खटकत होतं ते पुढचं. कापडाबरोबर एक जाकीटही आलं होतं. ते हृदयाचे ठोके आणि घाम मोजायचं. सुरुवातीला दार उघडलं की सगळ्यांचे दिवे लाल व्हायचे, कारण दारापाशी सगळ्यांचंच काळीज धडधडतं. सगळेच लाल, तर त्या लालाला अर्थ काय? म्हणून दूर कुठे तरी गार खोलीत बसलेल्या इंजिनिअरांनी हिशेब बदलला. दारापाशी जेवढी धडधड साहजिक, तेवढी आधीच वजा करून टाकायची. त्यांच्या लेखी तो गोंगाट होता, आणि गोंगाट काढला की खरी माहिती उरते. म्हणजे यंत्राला भीती कळत नव्हती असं नाही. ते ती नीट मोजायचं आणि मग वजा करायचं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना यात वावगं वाटायचं कारणच नव्हतं.

भीतीच उरली नाही म्हटल्यावर उतरणाऱ्यांचं काय करायचं, असा प्रश्न आला. दिवा हिरवा असताना कुणी उतरू लागला की जाकिटातून गोड आवाज यायचा: "उपकरण सुस्थितीत आहे. कारण सांगा." बिघाड, हवामान किंवा आजार. चौथं कारण यंत्राला ठाऊक नव्हतं. कारण दिलं नाही तर 'भरवसा' घसरायचा. भरवसा म्हणजे शंभरापैकी एक आकडा. तो फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे झळकायचा आणि मोठ्या सामूहिक उड्यांसाठी माणसं त्यावरून निवडली जायची. बघता बघता जोडीनं उतरणं बंद पडलं. फलकावर सगळ्यांत वर नाव होतं जुईचं. जुई म्हणजे केतकीची लेक, बावीस वर्षांची.

"आई, तुला आकडे दिसत नाहीत का?" पट्टी लागली त्या रविवारी परतताना गाडीत जुई म्हणाली.

"दिसतात ना."

"मग एवढं तोंड पाडायला काय झालं?"

"तुझ्या पाठीला हात लावल्याशिवाय मी तुला कधी दारातून सोडलेलं नाही."

"ती सवय आहे गं. सवय म्हणजे सुरक्षितता नव्हे."

वाक्य राजसचं होतं, जसंच्या तसं. केतकीनं खिडकीची काच खाली केली आणि फलटण येईपर्यंत धूळ खात राहिली, पण काच वर केली नाही.

जानेवारीत इरफानभाई पडले.

त्या सकाळी केतकी खाली छत्रीची घडी घालत बसली होती. पहिल्या फेरीत आठ जण वर गेले होते. त्यांत इरफानभाई होते आणि त्यांच्या मागे जुई बसली होती. इरफानभाईंची निळी-पांढरी छत्री झकास उघडली, ऐटीत खाली आली. जमीन जवळ आली आणि वाऱ्यानं दिशा बदलली. कापडानं तशी सूचनाही वेळेवर दिली. इतकं खाली आल्यावर वळायचं नसतं. वारा पाठीवर घ्यायचा, सरळ उतरायचं आणि मातीत लोळायचं; फार तर खरचटतं. वळलं तर छत्री जमिनीकडे झेप घेते. हे माळावरच्या प्रत्येकाकडून घोकून घेतलं होतं ते इरफानभाईंनीच. आणि त्यांनीच वळण घेतलं. आवाज झाला. त्या आवाजाबद्दल उड्या मारणारे आपसांत बोलत नाहीत.

छत्रीला ओरखडासुद्धा नव्हता. इरफानभाईंचे दोन मणके मोडले आणि कमरेखालचं शरीर गेलं ते गेलंच.

महिन्याभरानं राजसनं सगळ्यांना क्लबात बोलावलं आणि चौकशीचा निष्कर्ष वाचून दाखवला. उपकरण निर्दोष. सूचना वेळेवर. मानवी चूक. त्या दोन शब्दांवर तो किंचित थांबला, दुःखी चेहरा केला आणि मग विमानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. प्रत्येकाचा दिवा हिरवा होता, एवढंच त्याला दाखवायचं होतं.

दिवे हिरवेच होते. पण केतकी दिव्यांकडे बघत नव्हती. दार उघडायच्या आधी इरफानभाई थोडे मागे रेलले. खांदे सैल सोडले आणि पाठ मागे दिली, वर्षानुवर्षं देत आले तशी. मागून हात आला नाही. त्यांनी मान वळवून बघितलं. मागे बसलेली जुई गोड हसली, त्यांच्या कॉलरवरच्या हिरव्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला. इरफानभाईंनी मान पुढे केली. दार उघडलं. उठण्याआधी त्यांनी पुन्हा एकदा मागे बघितलं.

"थांब," केतकी म्हणाली. "मागे घे ते."

"ताई, सगळ्यांनी पाहिलंय—"

"कुणी पाहिलेलं नाही. तू तर नाहीच नाही. ते कशासाठी मागे बघतायत, राजस?"

राजसनं चित्रण थांबवलं. "हे बघा, त्यांना काही वाटत असतं तर ते बोलले असते. अनुभवी माणूस आहे. जाकिटानं सगळं नोंदलंय, ठोके मर्यादेत होते."

"कुणाच्या मर्यादेत? भीती वजा करून उरलेल्या?" केतकी उभी राहिली. तिचा आवाज इतका चढला की बाहेर इंधन भरणारी माणसं दारात येऊन उभी राहिली. "तू पाचव्या उडीला उतरलास तेव्हा तुझ्या पाठीवर कुणाचा हात होता? कोण आलं होतं तुझ्याबरोबर खाली? त्यांनी विचारलं होतं का तुला कारण? त्या माणसाला तुम्ही मानवी चूक म्हणता? लाज कशी वाटत नाही? माणसानं माणसाच्या पाठीला हात लावायचा नाही असा नियम करता, हात लागला नाही म्हणून माणूस मोडतो, आणि वर छत्री शाबूत आहे म्हणून पेढे वाटता?"

"ताई, भावना समजतात. पण हातानं हे टळलं असतं, याचा पुरावा आहे का तुमच्याकडे?"

नव्हता. तसा पुरावा जगात कुणाकडेच नसतो, आणि नेमका तोच मागायचा ही यांची हुशारी. रडू फुटायच्या आत केतकी खाली बसली आणि त्या बसण्याचाही तिला संताप आला. मागच्या रांगेतून कुणी तरी उठून भराभर बाहेर गेलं. ती जुई होती.

घरी दोघींचं बोलणं तुटलं. मीठ दे, दार लाव, यापलीकडे काही नाही. केतकीच्या जिभेवर एकच प्रश्न होता: तुला दिसलं नाही का गं, ते मागे बघत होते ते? रोज सकाळी तो प्रश्न ओठांपर्यंत यायचा आणि ती तो चहाबरोबर गिळायची. एकदा जुईच म्हणाली, "काय बोलायचंय ते एकदा बोलून टाक ना." केतकी म्हणाली, "काही नाही." पोटच्या पोरीवर इतका राग धरता येतो, हे तिला माहीत नव्हतं.

शेवटी ती म्हसवडला गेली. इरफानभाई ओट्यावर चाकांच्या खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. मिशा तशाच पिळदार होत्या, पायांवर मात्र चादर होती.

"भाई, आपण तक्रार करू," खुर्ची ओढून बसत ती म्हणाली. "तुम्हाला उतरायचं होतं. एवढंच लिहून द्या. बाकीचं मी बघते."

"व्हय, उतरायचं व्हतं."

"का?"

शब्द तोंडातून गेला आणि तिनं जीभ चावली. इरफानभाई हसले.

"मोडलीस का न्हाई रीत? आगं डॉक्टर, कारन आसतं तर म्या तोंडानं सांगितलं नसतं व्हय? ह्यो पट्टा तुटलाय, डोकं दुखतंय, वारं वंगाळ हाय, आसं कायबी सांगता येतं. कारन न्हवतं, म्हनून तर हात पायजे व्हता. नुसतं सकाळधरनं मन जाग्यावर न्हवतं. ते कुनाला सांगायचं? त्या जाकिटाला?"

केतकीनं ओंजळ पुढे केली. त्यांनी सोललेल्या शेंगा तिच्या ओंजळीत टाकल्या.

"तुमच्या मागे आमची जुई होती, भाई."

"ठावं हाय की. तिला इचारलंस?"

"नाही. पण विचारल्याशिवाय मला चैन पडणार नाही."

"इचारू नगं." आता ते हसत नव्हते. "म्या तरी खाली आलो, मोडून का हुईना. पोर आजून इमानातच हाय. तिला आदी खाली आन."

माळावर आता त्यांना प्रवेश नव्हता. जखमी माणूस आवारात असला तर विमा महाग होतो, असं राजसनं फोनवर नम्रपणे कळवलं होतं. ज्यानं तो माळ दगड वेचून साफ केला, त्याला कुंपणाबाहेर! नाकापेक्षा मोती जड झाला होता. इरफानभाई तरीही दर रविवारी यायचे आणि कुंपणाबाहेरच्या मिसळीच्या टपरीपाशी बाभळीखाली खुर्ची लावून आकाशाकडे बघत बसायचे.

मार्चअखेर राष्ट्रीय संघाची निवड होती. राजस धरून आठ जणांनी एकत्र उडी मारायची, आकाशात हात धरून कडं करायचं, आणि त्या एका उडीवरून दोघांची निवड व्हायची. त्यातली एक जागा जुईचीच, असं सगळे धरून चालले होते. सहा वर्षं ती त्यासाठी घाम गाळत होती. इरफानभाईंची जागा रिकामी होती. ती भरण्याइतका अनुभव केतकीशिवाय कुणाकडे नव्हता, म्हणून राजसला नाइलाजानं तिला बोलवावं लागलं. विमानात चढताना त्यानं सगळ्यांना पुन्हा बजावलं, "पिवळी पट्टी लक्षात ठेवा. हात लावणारा आणि लावून घेणारा, दोघंही बाद." बोलताना तो केतकीकडे बघत होता.

बाहेर पडायच्या क्रमानं जुई पुढे आली आणि केतकी तिच्या मागे. दोघींमध्ये वीतभर अंतर होतं. जुईची वेणी पाठपिशवीवर आली होती. पूर्वी केतकी ती कॉलरच्या आत खोचायची. आज तिनं हात मांडीखाली दाबून ठेवले. हिची निवड आपल्यामुळे बुडायला नको, एवढंच ती मनाशी घोकत होती. रागावलेली असली तरी आई होती.

विमान वर चढलं. माण नदीचं कोरडं पात्र खाली बारीक होत गेलं. आठही कॉलरवरचे दिवे हिरवे झाले. राजस दाराशी गेला, कडीला हात घातला आणि दोन बोटं वर केली. दोन मिनिटं.

तेव्हा जुई मागे रेलली.

अगदी थोडीशी. तिनं खांदे सैल सोडले आणि पाठ मागे दिली. मान वळवली नाही. वळवायची हिंमत तिच्यात नव्हती.

केतकीनं विचार केला नाही. विचार करायला बसली असती तर संघ आठवला असता, सहा वर्षं आठवली असती. तिनं पिवळ्या पट्टीखालचं झाकण उचललं. पिन जागेवर होती. ती असणारच होती. झाकण लावलं, वेणी कॉलरच्या आत खोचली आणि पाठीवर थाप मारली. मग दुसरी मारली आणि हात तिथेच ठेवला. तळहाताखाली पोर लटलट कापत होती. कॉलरवरचा दिवा मात्र ठार हिरवा होता.

"बंद," केतकी म्हणाली.

"आई," जुई म्हणाली, "मी उतरते."

"उपकरण सुस्थितीत आहे," जाकीट म्हणालं. "कारण सांगा."

"मीही उतरते," केतकी म्हणाली, आणि तिचंही जाकीट तेच विचारू लागलं.

राजस दाराजवळून ओणव्यानं त्यांच्यापर्यंत आला. "जुई, वेडी झालीस का? निवड आहे! काय होतंय? चक्कर? ताप? काही तरी सांग, मी नोंद करतो आजार म्हणून. कारण दे फक्त!"

जुई आईच्या हाताला आणखी टेकली.

"विचारायचं नाही!" केतकी ओरडली. "कळतं का तुला? आकडे मोजता मोजता एवढंही विसरलास? उतरणाऱ्याला विचारायचं नसतं! तुझं कापड पिन बघतं, दोरी बघतं, बघू दे. पोरीला भीती वाटायची परवानगी तुझ्या कंपनीकडून आणायची का आम्ही? आण तुझी पट्टी, चिकटव माझ्या तोंडावर! दोघींना बाद कर, शून्य भरवसा दे. पण हिला कारण विचारलंस तर याद राख!"

राजसच्या चेहऱ्यावर काही तरी हललं, असं तिला वाटलं. कदाचित ती पाचवी उडी असेल. पण तो वळला. वेळ झाली होती. दार उघडलं, वारा भसकन आत आला. राजस दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या पाठीवरची काळी अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. त्या पाठीला कुणी हात लावला नाही. तो गेला आणि त्याच्यामागून बाकीचे पाच गेले.

दार लागल्यावर विमान जड वाटू लागलं. वैमानिकानं मागे वळून बघितलं, मान हलवली आणि विमान खाली वळवलं. जुई केतकीच्या गुडघ्यांना टेकून बसली होती. दोन्ही जाकिटं आळीपाळीनं कारण विचारत होती. केतकीच्या जिभेवरही तोच जुना प्रश्न होता, महिनाभर गिळलेला. आता विचारला असता तर उत्तर नक्की मिळालं असतं. आणि मग तिच्यात आणि त्या जाकिटात फरक काय राहिला असता?

"आई, त्या दिवशी इरफानचाचांनी—"

"यंदा ज्वारी काही खरी नाही," केतकी म्हणाली. "कणसं बारीक दिसतायत."

जुई रडायला लागली. धावपट्टीला चाकं टेकेपर्यंत ती रडत होती आणि केतकीनं हात काढला नाही.

फलकावर दोघींच्या नावांपुढे लाल रेघ केव्हाच पडली होती. तिकडे न बघता त्या फाटकातून बाहेर पडल्या. टपरीपाशी इरफानभाईंनी आकाशात छत्र्या मोजल्या असणार, कारण बाकावर दोन मिसळी आधीच वाढून ठेवल्या होत्या, वर तर्री आणि बाजूला लिंबाची फोड. केतकीनं जाकीट काढून बाकावर टाकलं. जुईनंही टाकलं आणि खाली मान घालून उभी राहिली.

इरफानभाईंनी दोन्ही हातांनी खुर्चीची चाकं धरली, खुर्ची हळूहळू उलटी फिरवली आणि खांदे सैल सोडून तिच्याकडे पाठ केली.

जुईला कळायला थोडा वेळ लागला. मग ती पुढे झाली. त्या पाठीवर आता पट्टे नव्हते, पिन नव्हती, तपासण्यासारखं काही नव्हतं. नुसता धुवट सदरा होता आणि त्याच्या आत ते मोडलेले मणके. तिनं पहिली थाप मारली. दुसरी मारली आणि हात तिथेच ठेवला.

"बंद, चाचा," ती कशीबशी म्हणाली.

"हां," इरफानभाई म्हणाले. "आता उतरलीस. खा, निवंल."

बाकावर जाकिटं अजून कारण विचारत होती. केतकीनं ती उचलली, एकावर एक घातली आणि त्यांच्यावर बसून मिसळीत लिंबू पिळलं.